सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरसाठी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर: काय काढतं, काय राहून जातं

खान्देशातल्या सेवा केंद्रांवर, सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानांत एक तक्रार कायम ऐकू येते. गूगलवर काही शोधलं की पान भलत्याच पत्त्यावरून फिरून याहूवर नाहीतर बिंगवर उघडतं. उजव्या कोपऱ्यात सारखी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी पाटी येते. सातबारा काढायला गेलं की मध्येच नवा टॅब उघडतो आणि त्यात जुगाराची जाहिरात असते. मग कुणीतरी म्हणतं, फॉरमॅट मारा. फॉरमॅटमध्ये पैसे जातात, टॅली, स्कॅनरचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (बोटाच्या ठशाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर) परत टाकण्यात दिवस जातो, आणि क्रोममध्ये जीमेल लॉगिन केल्यावर जाहिरातीचं तेच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) पुन्हा हजर.

हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम नसतं. ब्राउझरला चिकटलेलं जाहिरातीचं एक्स्टेन्शन, त्याला धरून ठेवणारी एखादी सेटिंग आणि चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी, एवढ्या तीन गोष्टींवर सगळा खेळ चालतो. ते साफ करायला जे मोफत टूल सर्वांत जास्त सुचवलं जातं, त्या मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीच्या अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरचं हे परीक्षण. कॉम्प्युटर विंडोजचा आणि तो दिवसभर ग्राहकांच्या कामाला लागणारा, असं गृहीत धरलं आहे.

आधी टूलची ओळख. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर मुळात फ्रान्समध्ये तयार झालं आणि 2016 मध्ये मालवेअरबाइट्सने ते विकत घेतलं. ते फक्त विंडोजवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही. एकच छोटी फाइल असते, ती पेनड्राइव्हवर घेऊन तळोद्याच्या किंवा यावलच्या एखाद्या केंद्रात नेली तरी तशीच चालते. अ‍ॅडमिन परवानगी मात्र लागते. फाइल मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, कारण याच नावाची नकली टूल्सही निघालेली आहेत. खात्री करायची तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबमध्ये मालवेअरबाइट्सचं नाव आहे का पाहा. खरं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर सापडलेला कचरा काढण्यासाठी एक रुपयाही मागत नाही. ‘इतके धोके सापडले, काढायला पैसे भरा’ असं एखादं टूल म्हणालं तर तेच पहिलं काढायचं.

वेग ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू. अँटीव्हायरससारखं ते सगळी हार्ड डिस्क चाळत बसत नाही. जाहिरातवाले जिथे लपतात त्या ठरावीक जागाच पाहतं: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) नोंदी, ब्राउझरची प्रोफाइलं, शॉर्टकट, शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्व्हिसेस आणि फोल्डर. त्यामुळे साध्या मशीनवरही स्कॅन काही मिनिटांत आटोपतं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असेल तेव्हा याला फार किंमत आहे. स्कॅन सुरू करताना इंटरनेट चालू ठेवा, म्हणजे ओळखायच्या कचऱ्याची ताजी यादी उतरते. इंटरनेट नसेल तर फाइलमधल्या जुन्या यादीवर काम चालतं. कोणती यादी वापरली हे लॉगमध्ये दिसतं. सी ड्राइव्हवर अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर नावाचं फोल्डर तयार होतं, त्यातल्या ‘लॉग्ज’मध्ये एस अक्षराची फाइल स्कॅनची आणि सी अक्षराची साफसफाईची. तिच्या वरच्या भागात ‘डेटाबेस’ या ओळीसमोर क्लाउड लिहिलंय की लोकल, ते वाचा. लोकल असेल तर इंटरनेट आल्यावर पुन्हा एकदा चालवा.

स्कॅन झालं की यादी येते. इथे घाई नको. यादीत दोन प्रकार असतात. ‘पीयूपी’ (नको असलेले प्रोग्रॅम) आणि ‘अ‍ॅडवेअर’ नावाने सुरू होणाऱ्या नोंदी म्हणजे खरा कचरा, तो खुशाल क्वारंटाइनला (वेगळं कोंडून ठेवायच्या जागी) पाठवा. दुसरा प्रकार ‘प्रीइन्स्टॉल्ड’ सॉफ्टवेअरचा. ती एचपी, डेल, लेनोवो अशा कंपन्यांनी मशीनबरोबर दिलेली टूल्स असतात. ती धोकादायक नसतात. प्रिंटर किंवा बॅटरीचं काही त्यांच्यावर चालत असेल तर टिक करू नका. क्वारंटाइनचं बटण दाबण्याआधी एक गोष्ट कटाक्षाने पाळा: अर्धवट भरलेला फॉर्म सेव्ह करा. हे टूल उघडे ब्राउझर आणि प्रोग्रॅम बंद करतं आणि मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगतं. फळपीक विम्याची शेवटची तारीख आणि दुकानात रांग असेल, तर हे काम सकाळी दुकान उघडताना किंवा रात्री बंद करताना करा. चुकून काही कामाचं गेलंच तर ‘क्वारंटाइन’ टॅबमधून परत आणता येतं.

‘बेसिक रिपेअर’ नावाचा भाग सेटिंग्जमध्ये आहे आणि तो बहुतेक जण न वाचता चालू करतात. त्यात प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेतला मध्यस्थ) रीसेट, होस्ट्स फाइल (साइटच्या नावाला पत्ता जोडणारी विंडोजची फाइल) रीसेट, विनसॉक (विंडोजची नेटवर्क जोडणी) रीसेट, टीसीपी-आयपी रीसेट, क्रोम पॉलिसी डिलीट असे खटके आहेत. प्रॉक्सी आणि होस्ट्स रीसेट करणं बहुतेक वेळा फायद्याचं, कारण जाहिरातवाले तिथे हमखास शिरतात. टीसीपी-आयपी रीसेटला जपून हात लावा. दुकानात दोन-तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर केबलने जोडून त्यांना ठरलेले आयपी पत्ते दिले असतील, तर ते पुसले जातात आणि प्रिंटर दिसेनासा होतो. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ चालवून आलेल्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता हे टूल जिथे कमी पडतं ते.

पहिली मोठी उणीव नोटिफिकेशनची. कोपऱ्यातल्या त्या पाट्या बहुतेक वेळा एक्स्टेन्शनच्या नसतात. निकालाची किंवा हॉलतिकिटाची कुठलीतरी साइट उघडली, तिने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ म्हटलं आणि कुणीतरी दाबलं, तिथून त्या सुरू होतात. पाटी नीट पाहा. ती नामांकित अँटीव्हायरसचं चित्र दाखवत असली तरी मजकुराशेजारी गूगल क्रोमचं नाव आणि एक अनोळखी साइटचा पत्ता बारीक अक्षरात असतो. तो पत्ता हाच खरा गुन्हेगार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा. ‘अलाऊड’ यादीत ओळखीचं नसेल ते सगळं काढा आणि वरचा मुख्य पर्याय ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ असा ठेवा. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरला कुठल्याही साइटच्या नोटिफिकेशनची गरज नसते.

दुसरी उणीव सिंकची (क्रोमची माहिती गूगल खात्यात साठवून सगळ्या मशीनवर सारखी ठेवणारी सोय), आणि फॉरमॅट मारूनही रोग का परततो याचं उत्तर इथेच आहे. क्रोममध्ये गूगल खात्याने सिंक चालू असेल तर एक्स्टेन्शनची यादी त्या खात्यात साठते. नवं विंडोज टाकून लॉगिन केलं की क्रोम इमानाने तेच एक्स्टेन्शन उतरवून घेतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. साफसफाईच्या आधी सिंक बंद करा. साफसफाई, रीस्टार्ट आणि तपासणी झाल्यावर गूगलच्या क्रोम-सिंक पानावर जाऊन साठवलेला सिंक डेटा डिलीट करा. त्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड मशीनवर आहेत ना ते पाहा. मगच सिंक पुन्हा चालू करा. त्याच खात्याने घरचा लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचीही सफाई त्याच दिवशी झाली पाहिजे, नाहीतर तिथून परत येईल.

तिसरी बाब पॉलिसीची. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘रिमूव्ह’चं बटणच दिसत नाही आणि क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमची संस्था नियंत्रित करते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. दुकान तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, मग संस्था कुठली? बँका, कॉलेजं, कंपन्या आपल्या मशीन सांभाळण्यासाठी क्रोमची पॉलिसी वापरतात. तीच सोय जाहिरातवाले पळवतात आणि ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ या नोंदीत आपलं एक्स्टेन्शन घालतात. मग क्रोम ते काढूच देत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीने अशीच एक मोहीम उघड केली होती. नकली डाउनलोड साइटवरून घेतलेलं इन्स्टॉलर शेड्यूल्ड टास्क तयार करायचं, ते टास्क पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा चालवायचं साधन) चालवायचं आणि क्रोम व एजवर एक्स्टेन्शन लादायचं. किमान 3 लाख वापरकर्त्यांना त्याचा फटका बसल्याचं कंपनीने म्हटलं होतं.

अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर अशा नोंदी बऱ्याचदा पकडतं, पण नेहमीच नाही. तेव्हा हाताने करायचं. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. फोर्सलिस्टसमोर इंग्रजी ए ते पी मधल्याच अक्षरांचा 32 अक्षरी आयडी दिसेल, तो वहीत उतरवा. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली आयडी दिसतो, त्याच्याशी जुळवा. मग रजिस्ट्री एडिटर उघडा आणि लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम अशा वाटेने जा. आधी फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करून ती किल्ली (रजिस्ट्रीतलं फोल्डर) जपून ठेवा, मग फोर्सलिस्ट डिलीट करा. हीच वाट ‘करंट यूझर’खालीही तपासा, कारण नोंद दोन्हीकडे असू शकते. पुन्हा पॉलिसीच्या पानावर येऊन ‘रीलोड पॉलिसीज’ दाबा. नोंद गेली की ‘रिमूव्ह’चं बटण परत येतं. थोड्या वेळाने किंवा रीस्टार्टनंतर नोंद पुन्हा उगवली तर टास्क शेड्यूलर उघडा. अर्थ न लागणाऱ्या नावाचं आणि ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये पॉवरशेल असलेलं टास्क शोधा. ते पहिलं काढायचं आणि पॉलिसी नंतर, उलट केलं तर काम फुकट जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा बँकेने दिलेल्या मशीनवर मात्र यातलं काहीही करू नका. तिथली पॉलिसी खरी असते.

शॉर्टकट पाहायला अर्धं मिनिट लागतं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. ओळ क्रोमच्या ईएक्सई नावानंतर संपायला हवी. अवतरणचिन्हानंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. टास्कबारवरचं चिन्ह वेगळं असतं, तेही पाहा.

सगळं करूनही पानं भलतीकडे जात असतील तर क्रोम गेस्ट मोडमध्ये उघडून पाहा. गेस्टमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे सगळं सुरळीत असेल तर दोष प्रोफाइलमध्ये आहे. तिथेही तोच त्रास असेल तर एक्स्टेन्शनला दोष देणं थांबवा आणि प्रॉक्सी, होस्ट्स फाइल आणि राउटरमधले डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) पत्ते तपासा. एकाच वाय-फायवरच्या मोबाइललाही त्याच जाहिराती येत असतील तर राउटरच बघायचा: त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, डीएनएस ऑपरेटरचे किंवा खात्रीचे टाका.

शेवटचा उपाय क्रोमच्या ‘रीसेट सेटिंग्ज’चा. तो एक्स्टेन्शन बंद करतो, सर्च इंजिन, सुरुवातीचं पान आणि साइटच्या परवानग्या मूळ स्थितीत आणतो, कुकीज पुसतो. बुकमार्क, हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. फॉरमॅटपेक्षा हा कितीतरी स्वस्त. फक्त लक्षात ठेवा, सरकारी पोर्टलना दिलेल्या पॉप-अपच्या परवानग्याही जातात. दुसऱ्या दिवशी पावती उघडत नाही म्हणून पोर्टलवर राग काढण्याआधी त्या साइटला पॉप-अपची परवानगी पुन्हा द्या. बोटाच्या ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस कॉम्प्युटरवरच स्थानिक पत्त्यावर चालते. नव्या क्रोममध्ये पोर्टलने तिच्याशी बोलण्याची परवानगी मागितली तर तीही पुन्हा द्यावी लागेल.

आणि साफसफाईच्या भरात कामाचं काढू नका. जीएसटीसाठीचं ईएमसाइनर, आयकराच्या पोर्टलसाठीचं ईएमब्रिज, ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर ही नावं कंट्रोल पॅनलच्या यादीत अनोळखी वाटतात, पण ती राहिलीच पाहिजेत. यादी ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या तारखेने लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासचं पाहिलं की संशयित दोन-चारच उरतात.

इतर पर्यायांचं थोडक्यात. क्रोममध्ये पूर्वी गूगलचं स्वतःचं क्लीनअप टूल असे, ते 2023 मध्ये बंद झालं. जुने व्हिडिओ अजून ते वापरायला सांगतात, त्यात वेळ घालवू नका. मालवेअरबाइट्सचं मोठं सॉफ्टवेअर जास्त खोल शोधतं, पण ते इन्स्टॉल करावं लागतं आणि आरंभी प्रीमियमची चाचणी मुदत चालते. मुदत संपल्यावर फुकटात हाताने स्कॅन करता येतं. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरने भागलं नाही तरच त्याकडे वळा. विंडोजच्या डिफेंडरमध्ये नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय आहे आणि ती कित्येक दुकानांत बंद दिसते. विंडोज सिक्युरिटी, ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’, ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ इथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू करा. खाली ‘ब्लॉक अ‍ॅप्स’ आणि ‘ब्लॉक डाउनलोड्स’ या दोन्ही टिका हव्यात.

जाहिराती अडवण्यासाठी क्रोमवर आता यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. मूळ यूब्लॉक ओरिजिन नव्या क्रोममध्ये चालत नाही, कारण गूगलने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केली. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती अजून चालते. मिळत्याजुळत्या नावाची बरीच एक्स्टेन्शन्स आहेत, म्हणून बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल आहे का ते पाहूनच घ्या. पैसे भरण्याचं पान अडकलं तर त्या साइटपुरतं ते बंद करा.

चांगलं एक्स्टेन्शनही कायम चांगलं राहील असं नाही. उघडे टॅब झोपवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरत होते. 2020 मध्ये ते दुसऱ्याला विकलं गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, मालक बदलला आणि अपडेट आपोआप आलं. म्हणून सेवा केंद्राच्या मशीनवर दोनापेक्षा जास्त एक्स्टेन्शन ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी असलेलं एक्स्टेन्शन लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील, पासवर्ड सगळं पाहू शकतं. समोर विश्वासाने बसलेल्या शेतकऱ्याची ती माहिती आहे.

हा कचरा मुळात येतो कुठून? फोटो लहान करायला, पीडीएफ जोडायला आणि मराठी टाइप करायला. या तिन्ही कामांना काहीही उतरवायची गरज नाही. आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) फॉर्मला फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी आणि सही 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी लागते. विंडोजच्या पेंटमध्ये ‘रीसाइज’, ‘पिक्सेल्स’, आकडे टाका, जेपीईजीमध्ये सेव्ह करा, झालं. फोटो ताणला जाऊ नये म्हणून आधी त्याच प्रमाणात क्रॉप करा. चार कागदांची एक पीडीएफ करायची तर चारही चित्रं एकदम निवडा, राइट क्लिक, ‘प्रिंट’, प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’. मराठी टायपिंगसाठी विंडोजच्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी येतं.

ग्राहकाला स्वतःचं जीमेल उघडायचं असेल तर त्याला गेस्ट विंडो द्या. तुमच्या प्रोफाइलमध्ये त्याचं खातं जोडलं गेलं की त्याचा कचरा तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे जाण्याची वाट उघडते. त्यापुढे जाऊन पक्का बंदोबस्त करायचा असेल तर जाहिरातवाल्यांचंच हत्यार वापरा. रजिस्ट्रीत त्याच क्रोमच्या किल्लीखाली ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट’ नावाची उपकिल्ली करा, तिच्यात 1 नावाची स्ट्रिंग आणि तिची किंमत फक्त एक तारका. सगळी एक्स्टेन्शन बंद होतात. हवी ती दोन ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल अलाऊलिस्ट’ या उपकिल्लीत 1 आणि 2 नावाने, आयडी घालून मोकळी करा. नोटिफिकेशनसाठी क्रोमच्या किल्लीतच ‘डिफॉल्ट नोटिफिकेशन्स सेटिंग’ ही डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करून किंमत 2 द्या, म्हणजे कुणी अलाऊ दाबायचा प्रश्नच उरत नाही. सगळी इंग्रजी नावं मध्ये जागा न सोडता लिहायची. यानंतर ‘तुमची संस्था नियंत्रित करते’ ही ओळ तुमच्याही क्रोममध्ये दिसेल आणि ती खरी असेल. पुढे अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवताना बेसिक रिपेअरमधला क्रोम पॉलिसी डिलीटचा खटका बंदच ठेवा, नाहीतर हा बंदोबस्तही पुसला जाईल.

पाचपैकी चार गुण. एक गुण नोटिफिकेशन आणि सिंककडे त्याचं लक्ष नाही म्हणून कापला. महिन्यातून एकदा चालवावं, आणि साफसफाई झाल्यावर त्या ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले पोर्टलचे, बँकेचे आणि जीमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून त्याच दिवशी बदलून टाकावेत.